यंत्राला वास येत नाही

ऑक्टोबर आला की मला किळस येऊ लागते. लोकांना या दिवसांत म्हणे कोजागिरी आठवते, मसाला दूध आठवतं, आकाशकंदिलाच्या काड्या आठवतात. मला ओव्हनमध्ये भाजली जाणारी ओली माती आठवते. पाऊस गेलेला असतो, ऊन एकाएकी अंगावर धावून यायला लागतं, रस्त्यावरच्या चिखलाची चार दिवसांत धूळ होते आणि ती धूळ डोंबिवलीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतही येऊन बसते. कठड्यावरून बोट फिरवलं की बोट काळं. मी लगेच हात धुते. दिवसातून किती वेळा धुते ते विचारू नका. आई म्हणते, "अगं, साबणाचा कारखाना तुझ्या एकटीच्या जिवावर चाललाय."

नाक मुरडण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मला मान्य आहे. दुधावरची साय, ओल्या फडक्याचा वास, दुसऱ्याच्या ताटातली उरलेली आमटी, यांतलं काहीही मला पोटातून ढवळून काढतं. अशा मुलीच्या वाट्याला एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी माती यावी! विषय वाटले त्या दिवशी मी तापाने घरी होते. बाकीच्यांनी काचेच्या आणि लेझरच्या झाडूनपुसून ठेवलेल्या खोल्या धरल्या आणि मी परत आले तेव्हा उरला होता तो ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या मातीतली नैसर्गिक किरणोत्सारिता मोजण्याचा विषय.

हा शब्द ऐकला की लोक दोन पावलं मागे सरतात. तशी गरज नाही. जिथे माती आहे तिथे ही थोडीबहुत असतेच. युरेनियमचा अंश, थोरियमचा अंश, थोडं पोटॅशियम, पृथ्वी झाली तेव्हापासूनचं. केळ्यात असते, तुमच्या-माझ्या हाडामांसातही असते. ती इतकी कमी असते की मोजायची तर यंत्राभोवती शिशाच्या जाड विटांचं घर बांधावं लागतं, नाहीतर भिंतींतून आणि आभाळातून येणारे किरणच मोजले जातात. हे सगळं मी तेव्हा घोकून पाठ केलं होतं आणि भेटेल त्याला ऐकवत असे. सात वर्षं झाली त्याला. आता ठाण्याच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते आणि मातीला हात लावत नाही.

दरवर्षी हे सगळं नुसतंच आठवायचं. यंदा आठवणीच्या आधी पिशवी आली. दिवा स्टेशनच्या पलीकडच्या गावातल्या सोनीमावशींनी ओळखीच्या रिक्षावाल्याच्या हाती पाठवलेली कापडाच्या दुकानाची पिशवी, आत दोनेक किलो माती. सोबत फोन. "वैशाली परत पोटुशी हाय. माती मांगते. मागल्या वेलेसारखी मशीनीन घालून सांग गो पोरी, देऊ का नको?" वैशाली म्हणजे त्यांची सून. मी "बघते" म्हटलं आणि पिशवी गॅलरीत कुंड्यांच्या मागे ठेवली. आठ दिवस ती तिथेच होती. आई झाडू मारताना रोज तिच्याभोवती वळसा घालायची आणि रोज विचारायची, "ही धोंड कधी उचलणार आहेस?"

सात वर्षांपूर्वीच्या त्या ऑक्टोबरात माझ्या खांद्यावर एक शबनम असायची. तिच्यात खुरपं, कापडी पिशव्या, मार्कर आणि लिंबाच्या वासाच्या ओल्या रुमालांचं पाकीट, म्हणजे माझी खाजगी शिदोरी. सरांचा नियम एकच होता. सर म्हणजे माझे मार्गदर्शक, जुन्या वळणाचे, विद्यार्थ्यांनाही अहो-जाहो करणारे. "अबाधित माती हवी. वरचा हातभर थर बाजूला करायचा आणि खालची घ्यायची. कुणी उकरलेली, टाकलेली, भरलेली चालणार नाही." ठाण्याहून कल्याणपर्यंत आणि कल्याणहून मोहन्यापर्यंत कुणी न उकरलेली माती शोधायला निघणारी मी बहुधा पहिलीच वेडी असेन. जिथे खुरपं घालावं तिथे आधी प्लास्टिक निघायचं, मग विटांचे तुकडे, मग पुन्हा प्लास्टिक. मोहन्याला बंद पडलेल्या जुन्या कारखान्याच्या भिंतीमागे गवताची एक निवांत जागा दिसली म्हणून आनंदाने आत शिरले, तर टमरेल घेऊन बसलेल्या गृहस्थांनी खाकरून मला सावध केलं. मी तिथून पळाले ती थेट रिक्षात बसून हात पुसू लागले, जणू काही मीच काही केलं होतं.

माती घेणाऱ्या मुलीकडे या भागात कुणी विद्यार्थिनी म्हणून पाहत नाही. जमिनीजवळ टेप घेऊन उभं राहिलं की माणसं दोनच गोष्टी समजतात, हायवेचा सर्व्हे नाहीतर बिल्डरची माणसं. खाडीकडच्या एका गावात मला खुर्ची दिली, थंड पेय दिलं आणि मग घरचे पाच पुरुष समोर बसून म्हणाले, "रेट काय निघेल, मॅडम?" मी किरणोत्सारिता म्हटल्यावर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने थंड पेयाचा ग्लास उचलून आत नेला, त्यात अर्धं उरलेलं होतं.

सोनीमावशी भेटल्या त्यासुद्धा अशाच. दिव्याकडे तेव्हा इमारती रातोरात उगवत होत्या, नळाला पाणी यायच्या आधी जिन्याला रंग लागत होता. त्या सगळ्याच्या टोकाला एक मोकळं, सपाट रान दिसलं. मी खुरपं टेकवलं आणि मागून आवाज आला.

"हायवेचा सर्वे हाय का गो?"

साठीच्या आसपासची, नऊवारीचा काचा मारलेली, हातात कोयता. मी घाईघाईने माझं पाठ केलेलं बोलून टाकलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि खुरप्याकडे बोट दाखवलं.

"ही माती आमची नाय. ही घाटकोपरची आसंल नायतं भांडुपची. डंपरवाल्याला इचार."

त्यांच्या मुलाने शेत भरणीला दिलं होतं. वर्षभर डंपर येत होते आणि कुणाकुणाची पाडलेली घरं, फोडलेले रस्ते, खणलेले पाये आणून ओतत होते. भाताच्या शेतावर दोन पुरुष उंच मुंबई येऊन बसली होती. मी ज्याला रान समजले ते कुणाच्या तरी न्हाणीघरांच्या फरशा होत्या, वर गवत उगवलेलं.  तोवर त्या पट्ट्यातले अकरा नमुने घेऊन झाले होते आणि त्यांतले किती असे परगावचे होते कोण जाणे.

"आमची माती तिकरं हाय," मावशी म्हणाल्या. "बांधाच्या पलीकरं. तेवरी मी भरू नाय दिली."

खाली उतरून गेलं की एक लहानसा तुकडा लागायचा. तीन बाजूंनी भरणीच्या भिंती आणि चौथ्या बाजूला नाला. भात कापून झालेला, कोपऱ्यात लाल माठाची भाजी, भेंडीची चार झाडं. काळी, चिकण, अस्सल माती. या तुकड्यासाठी त्या मुलाशी भांडल्या होत्या, दोन महिने त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. त्यांच्या घरची एक रीत होती. सून पोटुशी राहिली की सातव्या महिन्यात तिच्या ओटीत तांदळांसोबत या बांधावरचं एक ढेकूळ घालायचं आणि डोहाळे मातीचे लागले तर हीच माती तव्यावर भाजून द्यायची. आजूबाजूच्या चाळींतल्या बायकाही मागायला यायच्या. मावशींनी स्वतः खाल्ली होती, त्यांच्या सासूने खाल्ली होती. वैशालीला तेव्हा सहावा चालू होता.

मी माती भरून घेतली, पिशवीवर नंबर घातला. निघताना त्यांनी माझा दंड धरला. "मशीनीन घाल आन् मना सांग. सुनेला देऊ का?"

"सांगते की," मी म्हटलं. एवढं सोपं उत्तर मी आयुष्यात कुणाला दिलं नसेल.

प्रयोगशाळेत माती आली की आधी तिच्यातले दगड वेचायचे, मग ओव्हनमध्ये वाळवायची, कुटायची आणि चाळायची. चाळणीखाली जे पडतं ते विज्ञान. वर जे उरतं ते मी आजही डोळ्यांपुढून घालवू शकलेले नाही. गुटख्याच्या पुड्या, फरशीचे कपचे, केसांची गुंतवळ, इंजेक्शनची टोपणं, डायपरमधला फुगून बुळबुळीत झालेला गर, आणि एका पिशवीत मंगळसूत्राचे काळे मणी. ते मी चिमट्याने उचलायचे. सर त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला डबा उघडून बसायचे. "अहो, मातीच आहे ती. पोळीसुद्धा तिथूनच येते," असं म्हणत शांतपणे चवळीची उसळ खायचे. चवळी मी त्या वर्षापासून सोडली.

नाका-तोंडाला रुमाल बांधून मी दिवस दिवस कुटत असे. घरी येईपर्यंत दातांखाली कचकच यायची. आई बाहेरच अडवायची, पायावर बादली ओतायची. ती रत्नागिरीकडची. "माती म्हणजे कशी, लाल, हातात घेतली की घ्यावीशी वाटणारी," असं म्हणायची आणि माझ्या बॅगेला चिमटीत धरून गॅलरीत ठेवायची.

सगळ्या पिशव्यांचे वास मला पाठ झाले होते. बहुतेक नुसते कुजके होते. कुजका वास सहन होतो, कारण कुजणं हे मातीचं कामच आहे. मावशींच्या बांधावरच्या मातीची पिशवी ओव्हनमध्ये घातली तेव्हा दिसायला ती सगळ्यांत चांगली होती. चाळणीवर तिच्यातलं काहीसुद्धा उरलं नसतं. तासाभराने ओव्हनचं दार उघडलं आणि गोडसर, तिखट, नखपॉलिश पुसायच्या पाण्यासारखा एक वास अंगावर आला. डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या टेबलावरची मुलं खोकत बाहेर गेली. मी संडासात जाऊन ओकले. तोंड धुताना मला तो नाला आठवला. काठावरचं गवत गुलाबी होतं. कुणीतरी टँकर आणून तिथे रिकामे करत असणार. गुलाबी गवत पाहून मी त्या दिवशी, काय छान रंग आहे, असं मनात म्हटलं होतं.

मी सरांना सांगितलं. सरांनी दार उघडून वास घेतला, चष्मा काढून डोळे पुसले.

"रसायन आहे काहीतरी," ते म्हणाले. "पण आपलं यंत्र किरण मोजतं. यंत्राला वास येत नाही. आपण जे मोजतो तेवढंच लिहायचं, त्याच्या पुढचं एक अक्षर लिहायचं नाही. ही माती दुसरीकडे तपासायला पाठवा हवं तर."

सरांचं म्हणणं चोख होतं. दुसरीकडे पाठवायची ती मी पाठवली नाही. अर्ज करा, पत्र आणा, तिकडच्या माणसाला भेटा, आणि मुख्य म्हणजे ती माती पुन्हा हाताळा. मी खिडक्या उघडल्या, तीन दिवस ओव्हन नुसता चालवला, वास निघून गेला. मग ती माती गुणी बाळासारखी डब्यात गेली. डब्याचं झाकण चिकटपट्टीने बंद करून महिनाभर ठेवावं लागतं. मातीतून एक वायू सतत निघत असतो, तो आत कोंडून राहिला आणि स्थिरावला की मगच मोजणी खरी येते. ते चोवीस डबे फळीवर ओळीने बसलेले असत आणि मला त्यांच्याकडे पाहवत नसे. त्यांच्यात फक्त एकाच डब्याबद्दल मला काही ठाऊक होतं.

महिन्याने मोजणी झाली. रात्रंदिवस यंत्र मोजत होतं, एकेक डबा शिशाच्या घरात जात होता आणि बाहेर येत होता. सगळे नमुने साधारण, जगात कुठेही असावेत तसे. बांधावरचा तर त्यातही कमी. सरांनी अहवालात लिहिलं की किरणोत्साराच्या दृष्टीने या मातीपासून धोका आढळत नाही. मला उत्तम श्रेणी मिळाली.

मी मावशींकडे गेले ते पेढे घेऊन. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कागद हवा होता. वैशालीला वाचून दाखवता यावा म्हणून मी वहीच्या पानावर मराठीत चार ओळी लिहिल्या. सरांचं वाक्य उतरवताना "किरणोत्साराच्या दृष्टीने" हे शब्द मी गाळले. का गाळले याची कारणं मी सात वर्षं जमवते आहे. त्यांना कळलं नसतं. समजावत बसावं लागलं असतं. तो शब्द ऐकून उगाच घाबरल्या असत्या. यांतलं एकही खरं नाही. मला तिथून लवकर निघायचं होतं, नाल्याचा वास येत होता, आणि सोनीमावशी माझ्याकडे इतक्या आदराने पाहत होत्या की तो आदर अर्धा करून परत जावं असं मला वाटलं नाही. कागदावर उरलं ते एवढंच, मातीपासून धोका आढळत नाही. खाली माझी सही. सहीखाली मी, कुणी सांगितलं नसताना, एम.एस्सी. असंही लिहिलं.

"म्हंजे चांगली हाय?" मावशींनी विचारलं.

"चांगली आहे, मावशी."

वैशाली आतून एक छोटा स्टीलचा डबा घेऊन आली. तो रिकामा नव्हता, म्हणजे तयारी करून ठेवली होती. तिने भाजलेल्या मातीचा एक खडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. तो दाताखाली फुटला तो आवाज मी ऐकला. "थँक्यू ताई, किती दिवस जीव नुसता कासावीस झालेला," ती म्हणाली. साताऱ्याकडची, माझ्याच वयाची पोरगी. तिच्या चेहऱ्यावर असं सुख होतं की मला माझ्या नाकाचीच लाज वाटली. पेढा मी हातात धरला, खाल्ला नाही.

पुढे मुलगी झाली. वजनाने ठीक, नाव सई. मावशींनी फोन करून कळवलं तेव्हा मला हायसं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःचा तिटकारा आला. मी त्या बाळासाठी खूश झाले नव्हते. पकडली गेले नाही म्हणून खूश झाले होते. आपल्याला या शहरांची घाण वाटते, नाल्यांची वाटते, दुसऱ्यांच्या डायपरची वाटते. त्या घाणीला निदान स्वतःचा वास लपवता येत नाही. मी लिहिलेला कागद स्वच्छ होता, अक्षर वळणदार होतं आणि त्याला काडीचा वास नव्हता.

परवा रविवारी शेवटी मी गॅलरीत गेले, पिशवी उघडली आणि नाक आत घातलं. सात वर्षांपूर्वी ओव्हनच्या उष्णतेने बाहेर काढावा लागला होता तो वास आता गार मातीलाच येत होता. आई दारातून ओरडली, "काय गं ते, थिनर सांडलंय का?" मी पिशवी बांधली आणि रिक्षा केली.

मावशींचा तुकडा अजून आहे, भरणीच्या भिंती उंच झाल्यात. ओटीवर बसून त्या वाल सोलत होत्या. भिंतीवर, लग्नातल्या फोटोच्या खाली, माझा कागद फ्रेममध्ये होता. काचेच्या आत माझी सही पिवळी पडली होती. मी बसले नाही. बसले असते तर बोलू शकले नसते.

"मावशी, सुनेला माती देऊ नका. कुणालाच देऊ नका. माठही खाऊ नका तिथला."

"मशीनीन घातलीस?"

"नाही. वास येतोय तिला. नाल्यातलं रसायन आहे. तेव्हाही येत होता. मी तेव्हाच ओळखलं होतं. मशीन ते मोजत नाही, ते दुसरंच मोजतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

वालाची शेंग त्यांच्या हातात अर्धी उघडी राहिली. रागावतील, हाकलतील, कोयता नाही तर निदान शेंगांचं सूप भिरकावतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी ती शेंग सुपात ठेवली.

"वास तं मना पन येत व्हता गो," त्या म्हणाल्या. "म्हून तं मी सुनेची माती बंद केली व्हती. म्हून तं तुला इचारला. तू शिकलेली. तू बोल्लीस चांगली हाय, तवा मना वाटला माजाच नाक म्हातारा झाला."

 

आवाज ऐकून वैशाली बाहेर आली. पाचवा महिना असेल. "ताई, कधी आलात? बघितलीत का माती?" ती हसून म्हणाली आणि तिच्या दातांवर काळी रेघ दिसली. ती माझ्या उत्तरासाठी थांबली नव्हती. कशाला थांबेल? उत्तर भिंतीवर लावलेलं होतं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या सुनेला म्हणाल्या, "थूक."

"काय झालं, आई?"

"थूक बोलतंय ना. आदी थूक."

ती ओटीच्या कडेला वाकली आणि अंगणात थुंकली. ती माझ्या तोंडावर थुंकली असती, तर मी पुसलं नसतं.